‘हेडवे’ : प्रतिकूल वाऱ्यांतील वाट

इंग्रजी भाषेंत ‘टु मेक हेडवे’ असा एक वाक्प्रचार आहे. ‘हेड’ म्हणजे डोकें व ‘वे’ म्हणजे मार्ग, असा पदच्छेद करून बसणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचा अर्थ उलगडावयाचा नाहीं. कारण हा शब्द मूळचा खलाशांचा. जहाजाची पुढच्या दिशेनें होणारी चाल तो ‘हेडवे’. वाऱ्याच्या रेट्यानें तें बाजूस ढळतें, तो ‘लीवे’.

शिडाचें जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर चालूं शकत नाहीं. म्हणून तें प्रथम एका बाजूस तिरपें नेतात, मग वळवून दुसऱ्या बाजूस. किनाऱ्यावरून पाहणारास वाटतें कीं, जहाज भरकटलें. वस्तुतः प्रत्येक फेरींत तें थोडें पुढेंच सरकत असतें.

यास्तव केवळ ‘प्रगति करणें’ हें भाषांतर आम्हांस अपुरें वाटतें. त्यांत समोरचा वारा हरवतो. आपल्या ‘प्रतीप’ शब्दांतहि ‘अप्’ म्हणजे पाणी आहे. प्रवाहाच्या उलट तें प्रतीप. तेव्हां जेथें विरोध असेल तेथें हा वाक्प्रचार योजावा, व मराठींत त्यास ‘वाट काढणें’ म्हणावें.

घरांतील एखादें मूल गणितांत मागें पडतें, आणि गुणपत्रिका पाहून वडीलमंडळी त्यास बोल लावितात. आमची विनंती इतकीच कीं, गतवर्षीं न सुटणारें उदाहरण आज त्यास सुटतें काय, हें आधीं पाहावें. सुटत असल्यास त्याच्या तारवानें वाट काढिली आहे; वाऱ्याचा दोष त्याच्या माथीं मारूं नये.