गोसेखुर्दच्या पाण्यावर एक दिवस

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने इथे तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकल्या. आज मात्र जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं पाणी पवनीच्या वरच्या अंगाला आहे. वैनगंगा अडवून तयार झालेला हा गोसेखुर्दचा जलाशय डोंग्यातून पाहावा असं फार दिवस मनात होतं. पावसाळा सरल्यावर, हलकं धान कापणीला आलेलं असताना तो योग आला.

२२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हा प्रकल्पाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. पुढे तो कित्येक पटींनी वाढला. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि अडीच लाख हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट ठरलं. हा मुलूख सपाट आहे. दोन डोंगरांच्या खिंडीत भिंत घालावी अशी सोय इथे नाही. म्हणून धरणाची उंची बेताची, पण लांबी ११ किलोमीटरहून जास्त आणि दरवाजे ३३. पाणीही तसंच पसरलं आहे: खोली कमी, फैलाव अफाट. नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या पात्रांतून ते मागे मागे सरकत गेलं आणि वाटेतल्या गावांमध्ये शिरलं.

सकाळी धुकं होतं. नावाडी ढिवर समाजातले, साठीच्या आसपासचे. डोंगा सरळ नेता येईल अशी मोकळी वाट समोर दिसत असतानाही ते मध्येच वळण घेत. कारण विचारल्यावर म्हणाले, "भाऊ, इथं खाली आंबराई आहे. खोडं लागतात." पुढे एका ठिकाणी शाळेच्या भिंती, त्यापलीकडे मारुतीचा पार. वर सारखंच राखाडी पाणी, आणि या माणसाच्या डोक्यात मात्र गल्ल्या, विहिरी, स्मशान, पाणंद असा सगळा नकाशा शाबूत. जाळं कुठे अडकून फाटेल हे त्यांना त्या नकाशावरूनच कळतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काही जोती, काही वठलेली झाडं उघडी पडतात. त्या वेळी आपलं घर पाहायला माणसं येतात, असं त्यांनी सांगितलं. मोकळ्या झालेल्या काठावर कुणी गाळपेर करतं, आणि पाणी लवकर चढलं तर हातचं पीक जातं.

पुनर्वसनाच्या गावठाणांना रस्ते, नळ, शाळेच्या इमारती मिळाल्या. कुठे चांगल्या, कुठे जेमतेम. जमीन आणि घर यांचा मोबदला कागदावर मांडता येतो. नदीचा मांडता येत नाही, आणि ढिवरांचं सगळं नदीवर होतं. पाणी ओसरलं की वाळूत डांगरवाड्या लागत, टरबूज-खरबुजांवर उन्हाळा निघे. ही वाळू कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून तिची भरपाईही नाही. डोहातले मासे, ते कोणत्या महिन्यात कुठे चढतात, कोणत्या वळणावर गळाला लागतात, हे पिढ्यांचं शिक्षण वाहत्या पाण्याचं होतं. थांबलेल्या खोल पाण्याला मोठी जाळी, पक्क्या नावा आणि भांडवल लागतं. शिवाय जलाशयातली मासेमारी ठेक्याची. ज्याचं गाव बुडालं तोच त्या गावावरच्या पाण्यात परका ठरू शकतो. या धरणाच्या साऱ्या हिशेबांत मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

दुपारी अंभोऱ्याला पोचलो. हे गाव नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातलं, पण समोरचा काठ भंडाऱ्याचा. वैनगंगेला इथे कन्हान, आम, कोलारी आणि मुर्झा मिळतात, म्हणून हा पंचनद्यांचा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू' इथेच लिहिला अशी या भागाची श्रद्धा. अंबाजोगाईचाही तोच दावा आहे आणि वाद जुना आहे. एकेकाळी डोंग्याशिवाय पलीकडे जाता येत नसे. आता तारांवर तोललेला भव्य पूल आहे आणि त्याच्या उंच मनोऱ्यात प्रेक्षकांसाठी गॅलरी. तिथून पाहिलं की पाणी फार सुंदर दिसतं.

जवळ गेल्यावर वेगळं दिसतं. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून इथे येतं. जलपर्णी त्याच्याच जोरावर पसरते. हेच पाणी काठच्या गावांना वापरावं लागतं. नाग नदीच्या शुद्धीकरण प्रकल्पाचं भूमिपूजन डिसेंबर २०२२ मध्ये झालं आहे. ते काम पूर्ण होणं ही या जलाशयाची पहिली गरज आहे, नौकाविहार त्यानंतर.

परतताना पश्चिमेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं जंगल लागलं. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' वाघ २०१३ मध्ये शेतं, रस्ते आणि नदी पार करून याच रानात आला होता. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला तो कायमचाच.

धरणाखाली पवनी. या गावासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केलं, तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. त्याचा व्यास सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही जास्त. जुनी तटबंदी, वैजेश्वराचं मंदिर आणि घाट आजही पाहता येतात.

गोसेखुर्दला जलपर्यटन उभं करण्याची सरकारी योजना आहे. यांत्रिक बोटी येतील, धक्के बांधले जातील. चांगलंच आहे, जिल्ह्याला रोजगार हवा आहे. पण त्या बोटींचं सुकाणू आणि धक्क्यांवरची दुकानं पहिल्यांदा बुडालेल्या गावांतल्या माणसांना मिळाली पाहिजेत, आणि मासेमारीचा हक्कही त्यांच्याच सहकारी संस्थांना. तुम्ही हिवाळ्यात तिकडे गेलात तर स्थानिक ढिवराचाच डोंगा करा, जीवरक्षक जाकीट मागून घ्या, आणि खाली कोणतं गाव आहे ते त्याला विचारा.