उष्णतेला प्रतिसाद देणारे व्हॅनेडियम डायऑक्साइडचे पातळ थर : निर्मिती, परीक्षण व खान्देशच्या संदर्भात उपयुक्तता

प्रस्तावना :
जळगाव व धुळे जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. खिडकीच्या काचेतून प्रकाशाबरोबर अवरक्त किरणेही आत येतात व खोली तापते. तापताच ही किरणे आपोआप रोखणारी काच मिळाल्यास पंखा व कूलरवरील भार हलका होईल. या दृष्टीने व्हॅनेडियम डायऑक्साइडच्या पातळ थरांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गुणधर्म :
या पदार्थातील संक्रमण एफ. जे. मोरीन यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे ६८ अंशांखाली त्याची स्फटिकरचना एकनताक्ष असून तो अर्धसंवाहक असतो. त्यावरील तापमानास रचना रूटाइल प्रकारची होते व तो धातूप्रमाणे वागतो. तेव्हा दृश्य प्रकाशात फारसा फरक पडत नाही, मात्र अवरक्त किरणांचे पारगमन घटते. थंड होताच थर पूर्ववत होतो.

निर्मिती :
व्हॅनेडियम पेंटॉक्साइड व ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात तापविल्यास निळे द्रावण मिळते. त्याचा लेप काचेवर देऊन तो सुमारे ५०० अंशांस नायट्रोजन वा अरगॉन वायूत तापवितात. खरी अडचण ऑक्सिजनच्या प्रमाणाची आहे. ते वाढल्यास पिवळसर पेंटॉक्साइड उरते, घटल्यास ट्रायऑक्साइड बनते. साध्या काचेतील सोडियमही थरात शिरते, म्हणून क्वार्ट्झ किंवा सिलिकाचा थर दिलेली काच वापरणे इष्ट ठरते. व्हॅनेडियमची संयुगे विषारी असल्याने हातमोजे व धूम्रकक्ष आवश्यक आहेत.

परीक्षण :
क्ष-किरण विवर्तनात सुमारे २७.८ अंशांवरील शिखर योग्य प्रावस्था दर्शविते. फोर प्रोब पद्धतीने तापविताना व थंड करताना विद्युत रोध मोजतात. चांगल्या थरात तो शेकडो पटींनी बदलतो. दोन्ही आलेख एकमेकांवर न पडता त्यांत अंतर राहते, यास मंदायन म्हणतात.

खान्देशच्या संदर्भात :
६८ अंश हे तापमान येथील उन्हाळ्यातही खिडकीच्या काचेस सहसा गाठता येत नाही. टंगस्टन सुमारे १ टक्का मिसळल्यास ते साधारणतः २० अंशांनी उतरते. परंतु त्याबरोबर संक्रमणाचा प्रभावही क्षीण होतो. शिवाय थराची पिवळसर-तपकिरी छटा प्रकाश कमी करते आणि दमट हवेत त्याचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते.

निष्कर्ष :
केवळ संक्रमण तापमान उतरविणे म्हणजे यश नव्हे. तापमान, अवरक्त किरणांतील बदल व दृश्य प्रकाशाचे पारगमन ही तिन्ही एकाच नमुन्यावर मोजली पाहिजेत. द्रावणपद्धतीस खर्चिक निर्वातयंत्रणा लागत नाही. त्यामुळे जळगाव येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या व आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांना हा विषय पेलण्याजोगा आहे.