परिणामकारक शिकवणी : विद्यार्थी नेमका कुठे अडला आहे?

प्रस्तावना :
इंदूरच्या स्नेहलतागंजसारख्या वस्तीतील मराठी घरांतून मुले बहुधा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. मूल मागे पडले की पालक शिकवणी लावतात आणि तेथे शाळेत झालेलाच पाठ पुन्हा शिकवला जातो. वेळ व पैसा खर्च होतो, अडचण मात्र कायम राहते. शिकवणी परिणामकारक कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संशोधनाचा आधार :
बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४ च्या लेखानुसार, वैयक्तिक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे गेला. नंतरच्या अभ्यासांत फरक याहून कमी आढळला, तरी लाभ होतो हे स्पष्ट झाले. मुंबई व वडोदरा येथे 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमाचे २००१ ते २००३ या काळात मूल्यमापन झाले. वर्गात मागे राहिलेल्या मुलांना स्थानिक तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून मूलभूत वाचन व अंकगणित शिकवीत. त्यांचे सुरुवातीचे प्रशिक्षण अवघे दोन आठवड्यांचे होते. तरीही गुण वाढले आणि सर्वाधिक लाभ कच्च्या मुलांना झाला. इयत्तेऐवजी मुलाच्या पातळीपासून सुरुवात करणे, हे या यशाचे मर्म होय.

चुकीचे निदान :
समजा, विद्यार्थ्याने ५२ - २७ = ३५ असे लिहिले. 'चूक' असा शेरा देण्यापूर्वी 'हे कसे केलेस?' असे विचारावे. तो एककस्थानी ७ मधून २ वजा करीत असल्याचे कळेल. म्हणजे त्याला वजाबाकी येते, पण दशक सुटा करणे समजलेले नाही. अशा वेळी आणखी पन्नास उदाहरणे घालण्यापेक्षा दहा-दहा काड्यांच्या जुड्या सोडून दाखवाव्यात.

कधी अडचण गणिताची नसून भाषेची असते. घरी ७९ ला 'एकोणऐंशी' म्हणणारे मूल शाळेत 'उनासी' ऐकते आणि ८९ च्या 'नवासी'शी त्याची गल्लत होते. 'हातचा' व 'हासिल' एकच, हेही त्याला सांगावे लागते. दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून द्यावेत.

कार्यपद्धती :
१) पहिल्या दिवशी शिकवू नये, सोप्यापासून कठीण प्रश्न देऊन अडण्याची जागा शोधावी.
२) एका वेळी एकच मुद्दा घ्यावा.
३) उत्तर सांगण्याची घाई न करता विद्यार्थ्याला विचार करू द्यावा.
४) शेवटी तोच मुद्दा विद्यार्थ्याने शिक्षकाला समजावून सांगावा.
५) काही दिवसांनी त्याची पुन्हा उजळणी घ्यावी.

समारोप :
मागे पडलेले मूल स्वतःला 'ढ' समजू लागते, हे सर्वांत मोठे नुकसान होय. आपण नेमके कुठे अडलो आणि तेथून पुढे कसे जायचे, हे त्याला कळले की आत्मविश्वास परत येतो. शिक्षकावाचून त्याला पुढचे उदाहरण सोडवता आले, तर शिकवणी सफल झाली असे समजावे.