ओळखीचे अनोळखी

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने बेगडेवाडी सोडली, की तळेगावच्या आधी घोरावाडी हे छोटंसं स्थानक लागतं. मी बरीच वर्षं तिथून सकाळची लोकल पकडून पुण्याला कामावर जात होतो. फलाट लांबलचक आणि माणसं मोजकी, तरी प्रत्येकाची जागा ठरलेली. माझी जागा एका खांबापाशी. शेजारी निळी पिशवी घेतलेले एक गृहस्थ उभे राहत. गाडीला उशीर झाला, की ते घड्याळ बघत, मग मी बघे. एवढाच आमचा व्यवहार. त्यांचं नाव-गाव मला ठाऊक नव्हतं, पण त्यांनी चष्मा बदलला तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं.

मंडळी, अशी माणसं तुमच्याही रोजच्या वाटेवर असतीलच. मराठीत आपण 'तोंडओळख' म्हणतो, पण तिच्यात निदान 'काय, बरंय ना?' एवढं तरी असतं. इथे तेही नाही.

गंमत पुढेच आहे. एका कार्तिकी वारीला हेच गृहस्थ मला आळंदीच्या गर्दीत दिसले. "अहो, तुम्ही इकडे कुठे?" म्हणत आम्ही असे भेटलो, जणू सख्खे भाऊच! चहा झाला, मुलांच्या परीक्षांपर्यंत गप्पा झाल्या. नाव मात्र दोघांनीही विचारलं नाही. इतक्या वर्षांनी नाव कसं विचारायचं? आणि सोमवारी पुन्हा तोच खांब, तेच घड्याळ आणि तीच चुप्पी.

हा माणूसघाणेपणा आहे का? तसं नाही. स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली अशा माणसांवर एक लेख लिहिला आणि त्यांना 'ओळखीचे अनोळखी' म्हटलं. त्याच्या विद्यार्थ्यांनी एका रेल्वे स्थानकावर सकाळच्या प्रवाशांचे फोटो काढले, प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक दिला आणि नंतर ते फोटो त्याच प्रवाशांना वाटले. प्रत्येकाला सरासरी चार चेहरे असे आढळले, की जे नेहमी दिसतात पण ज्यांच्याशी कधी बोलणं झालेलं नाही. बोलणं झालेले होते सरासरी दीडच!

मिलग्रॅमचं म्हणणं असं, की चेहरा लक्षात ठेवायला काही पडत नाही, पण नातं ठेवायला वेळ आणि मन दोन्ही लागतं. शहराच्या धबडग्यात माणूस एवढंच करतो, की बघतो आणि सोडून देतो. शिवाय न बोलण्याचे दिवस साठत जातात, तसतशी भिंत उंच होते. पहिल्या दिवशी सहज विचारता येणारं नाव दहाव्या वर्षी विचारायला संकोच वाटतो. पण गाव बदललं किंवा काही संकट आलं, की ही भिंत एका क्षणात पडते. म्हणजे ती चुप्पी हेही एक नातंच असतं, दोघांनी न बोलता मान्य केलेलं.

या नात्याची किंमत मला फार उशिरा कळली. २२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू लागला आणि गाड्या थांबल्या. पुढे लोकल टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. मी पुन्हा खांबापाशी उभा राहू लागलो, पण शेजारची जागा रिकामीच राहिली. आठवडा गेला, महिना गेला. चौकशी करायची तर कुणाकडे, आणि काय नाव घेऊन?

शेवटी धीर करून पलीकडच्या बाकावर बसणाऱ्या एकांना विचारलं, "ते निळ्या पिशवीवाले हल्ली दिसत नाहीत?" ते चटकन म्हणाले, "अहो, मीच तुम्हाला विचारणार होतो. तुम्ही रोज बरोबर असायचात ना!"

दोघंही गप्प झालो. ते गृहस्थ कुठे गेले, हे आजवर आम्हाला कळलेलं नाही. निवृत्त होऊन गावी सुखात असतील, असं आम्ही एकमेकांना सांगतो.

त्या सकाळी गाडी येईपर्यंत आम्ही दोघांनी मात्र एक काम केलं. एकमेकांचं नाव विचारलं आणि फोन नंबर लिहून घेतला. सारं मिळून एक मिनिटही लागलं नाही.