खेळातील यान आणि खरे यान

२०२२ सालचा गुढीपाडवा २ एप्रिल रोजी होता. त्या दिवशी दिवेलागण होऊन काही वेळ झाला असता विदर्भातील अनेक गावांतून आकाशात एक विलक्षण देखावा दिसला. जळत्या गोळ्यांची एक रांग, मागे प्रकाशाचे शेपूट ओढीत, संथपणे पुढे सरकत होती. उल्का पडत असाव्यात असे पुष्कळांना वाटले. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी या गावी, त्याच रात्री आकाशातून धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या मधून वर्धा नदी वाहते. तेव्हा ही घटना आपल्या शेजारचीच म्हटली पाहिजे.

कड्याचा व्यास सुमारे ३ मीटर होता. उंच माणूस हात वर करून त्यात सहज उभा राहील. चीनच्या एका अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचा तो अवशेष असावा, असे अभ्यासकांनी सांगितले.

विद्यार्थिमित्रांनो, अवकाशयुद्धाचे खेळ तुमच्यापैकी अनेकांनी भ्रमणध्वनीच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर पाहिले असतील. त्या खेळांतील काही याने कित्येक किलोमीटर लांबीची असतात. त्यांच्यापुढे हे तीन मीटरचे कडे म्हणजे काहीच नव्हे! तरीही आपल्या डोळ्यांना ती याने खोटी का वाटत नाहीत? कापसाच्या शेतापलीकडे बैलगाडी दिसली की ती किती मोठी व किती दूर आहे हे आपण लगेच ओळखतो, कारण बैलाची उंची आपल्याला ठाऊक असते. अवकाशात असे माप हाताशी नसते. तेथे ना झाड, ना घर, ना बैल. चित्रकार यानाच्या अंगावर बारीक खिडक्यांच्या रांगा काढतो आणि तेवढ्यानेच यान अवाढव्य भासू लागते. पाडव्याच्या रात्री हीच फसगत उलट दिशेने झाली. संथ वाटणारा तो अग्नी वस्तुतः सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने धावत होता. मूर्तिजापूर ते यवतमाळ हे शकुंतला गाडीचे ११३ किलोमीटरांचे अंतर! पृथ्वीभोवती कमी उंचीवरून फिरणारे यान एवढे अंतर सुमारे पंधरा सेकंदांत तोडते.

खऱ्या यानांचा आकार लहान का असतो, याचे उत्तर वजनात आहे. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी व उंची दसपट केली तर तिचे वजन हजारपट होते. परंतु ते पेलणाऱ्या खांबांची जाडी, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ, शंभरपटच वाढते. शिवाय हे वजन आधी पृथ्वीवरून उचलावे लागते. चांद्रयान-३ चे एकूण वजन सुमारे ३,९०० किलो होते आणि ते नेणारा अग्निबाण उड्डाणाच्या वेळी सुमारे ६४० टनांचा होता. म्हणजे यानाच्या एका किलोमागे जवळजवळ १६४ किलोंचा भार! आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक १०९ मीटर लांब आहे खरे, पण ते एकदम उचललेले नाही. १९९८ पासून एकेक भाग वर नेऊन जोडलेले आहे.

याहूनही मोठा फरक गतीचा आहे. बैल थांबले की गाडी थांबते, कारण जमीन चाकाला अडविते. विमान वळताना एका अंगावर कलते, कारण पंखांना हवेचा आधार असतो. अवकाशात जमीन नाही, हवाही नाही. तेथे यानाचे तोंड वळविले तरी यान पूर्वीच्याच दिशेने जात राहते. थांबायचे असेल तर उलट दिशेने तितकाच जोर लावावा लागतो. पुष्कळ खेळांत मात्र याने विमानासारखी गिरक्या घेतात आणि स्फोटांचा गडगडाटही ऐकू येतो.

मौजेची गोष्ट अशी की, या प्रकारच्या अगदी आरंभीच्या खेळाने ही चूक केली नव्हती. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. त्यात दोन छोटी याने एका ताऱ्याभोवती लढत. एकदा मिळालेला वेग आपोआप कमी होत नसे आणि सावध न राहणारे यान ताऱ्याकडे ओढले जाई. यानांतून सुटणाऱ्या अस्त्रांना मात्र ते आकर्षण लागू केलेले नव्हते, कारण तेवढे गणित त्या संगणकाला झेपत नव्हते.

खऱ्या यानाला अशी सवलत कोण देणार? ७ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटेपूर्वी चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ चंद्रावर उतरत होते. वेग घटविताना ठरलेल्या मर्यादेबाहेर तफावत पडली आणि ते आदळले. खेळात कळ दाबताच दुसरे यान मिळते. येथे जवळजवळ चार वर्षे थांबावे लागले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ५ वाजून ४४ मिनिटांनी दुसरे ‘विक्रम’ सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून उतरू लागले, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ६,००० किलोमीटर होता. पृथ्वीवरून त्याचे सुकाणू धरणे शक्य नव्हते, कारण संदेश जाऊन उत्तर येण्यासच अडीच सेकंद लागतात. सगळे निर्णय त्याचे त्यालाच घ्यायचे होते. ६ वाजून ४ मिनिटांनी ते अलगद टेकले. त्यातून बाहेर आलेली २६ किलो वजनाची ‘प्रज्ञान’ ही गाडी सेकंदाला एक सेंटिमीटर अशा चालीने, चंद्राच्या मातीत चाके उमटवीत, शंभर मीटरांहून अधिक अंतर चालून गेली.