जुनी होडी कुणाला द्यावी?

वडिलांनी हौसेने होडी बांधून घेतलेली असते. वडील जातात. एक मुलगा मुंबईला नोकरीला लागतो, दुसरा यंत्राच्या बोटीवर जातो. शिडाची जुनी होडी माडाखाली झापांनी शाकारून पडून राहते. कोकणच्या किनाऱ्यावर अशा होड्या आम्ही पाहतो. मालकाला विचारावे, तर तो म्हणतो, "बघू पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षावर टाकू नका. लाकडाची होडी पाण्यात असली की फळ्या फुगतात आणि सांधे आवळून बसतात. उन्हात कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, फटीत ठोकलेला कापूस गळून पडतो. सागाची होडी दोन पिढ्या चालते, पण वापरात असली तरच. काही उन्हाळे अशी पडून राहिली, की मग माणूस येतो तो जळणाचा भाव करायला!

तेव्हा आधी जाणत्या सुताराला बोलवा. तळाच्या फळ्या हातोडीने ठोकून पाहा. आवाज टणक आला तर लाकूड चांगले. बद्द आला तर तिथे सुरीचे टोक टोचून पाहा. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक किडा असतो. किडा म्हणतो खरे, पण तो आहे तिसऱ्यांच्या कुळातला, बरं का! अगदी लहानपणी तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतच वाढतो. वरून फळी धड दिसते, आत मात्र चाळण झालेली असते. म्हणून तर जुनी माणसे होडी अधूनमधून वर ओढून वाळवीत आणि चुना व चरबी कालवून तळाला लेप देत.

जो दोष सापडेल तो घेणाऱ्याला दाखवा. वर रंग फासू नका. भर समुद्रात फळी निसटली, तर त्याच्या घरची माणसे बुडतील. दोष सांगितल्याने दोन पैसे कमी आले, तर येऊ देत.

आमच्या मते जास्त भाव देणाऱ्यापेक्षा होडी पाण्यात घालणारा बरा. खाडीत जाळे टाकणारा, शीड हाकता येणारा एखादा गरजू मिळाला तर उत्तम. बंदरावर, मच्छीमार सोसायटीत सांगून ठेवा. सुतारालाही सांगा, कुणाला काय हवे ते त्याला ठाऊक असते. नारळी पौर्णिमेच्या आधी व्यवहार झाला, तर घेणाऱ्याचा हंगाम बुडत नाही.

कागदांचेही पाहा. होडी वडिलांच्या नावावर असेल, तर ती एकट्या भावाची नव्हे. आईचा आणि बहिणींचाही तिच्यात वाटा आहे. सगळ्यांच्या सह्या घ्या. १९८१ च्या कायद्याने महाराष्ट्राच्या समुद्रात मासे धरणाऱ्या होडीला परवाना लागतो. नोंदणीवरचे जुने नाव काढून नवे चढवून घ्या. नाहीतर होडी त्याची आणि कचेरीचे हेलपाटे तुमचे.

शीड, वल्ही, नांगर घरात ठेवून नुसती होडी देऊ नका. त्या मापाचे शीड आता सहज मिळत नाही. आणि नाळेवर आजीचे नाव असेल, तर नवा मालक ते पुसून आपल्या मुलीचे लिहील. लिहू द्या.