गाजर गवताचे पुरळ : उपचार त्वचेवर, उपाय बांधावर

राणीताल, चेरीताल, आधारताल ही जबलपुरातील नावे गोंड राजवटीतील जुन्या तलावांची आठवण देतात. राणी दुर्गावतीच्या दासीच्या, म्हणजे ‘चेरी’च्या नावावरून चेरीताल हे नाव पडले, असे लोकपरंपरा सांगते. आज चेरीताल ही शहरातील दाट वस्ती आहे. अशा वस्त्यांतील मोकळे भूखंड, रेल्वेमार्गाच्या कडा आणि शहराबाहेरील बांध पावसाळ्यात एकाच पांढऱ्या फुलोऱ्याने भरून जातात. ते तण म्हणजे गाजर गवत, अर्थात काँग्रेस गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस). तणांवरील संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९८९ पासून याच शहरात कार्यरत आहे, तरीही हे तण शहराच्या दारात उभे आहे. त्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाचा प्रश्नही केवळ मलमाने सुटणारा नाही.

पुण्यापासून देशभर

भारतात या तणाची ठळक नोंद १९५५ मध्ये पुण्यातून झाली. मूळ अमेरिका खंडातील हे तण आयात धान्याबरोबर आले असावे, असे मानले जाते. एक झाड हजारो सूक्ष्म बिया तयार करते. ओलावा असेल तर वर्षातून अनेक पिढ्या पूर्ण होतात. तण पसरले तसा त्वचारोगही पसरला. डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे या विकाराकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले गेले.

खाज एकच, कारणे वेगळी

रानातील प्रत्येक खाज सारखी नसते. खाजकुइलीच्या शेंगेवरील लव अंगाला लागताच खाज सुटते. ती न चोळता चिकटपट्टीने उचलावी आणि त्वचा धुवावी. रानसुरणाच्या रसातील सुईसारखे स्फटिक टोचतात. शेराचा चीक त्वचेवर आग करतो आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करतो. अशा वेळी डोळे भरपूर पाण्याने धुऊन तातडीने दवाखाना गाठावा. या त्रासांत कारण समोर दिसते आणि संपर्क तुटल्यावर त्रास सहसा ओसरतो.

गाजर गवताचे तसे नाही. त्याच्या खोड, पान आणि फुलावरील बारीक लवेत पार्थेनिन हे रसायन असते. पहिल्या संपर्कात बहुधा काहीच होत नाही. मात्र वारंवार संपर्क आल्यावर काहींच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा या रसायनाला शत्रू म्हणून ओळखू लागते. त्यानंतर थोडासा संपर्कही पुरतो आणि पुरळ साधारणतः एक ते तीन दिवसांनी उठते. या विलंबामुळेच शेतकऱ्याला कारण उमगत नाही. दोष पाण्याला, साबणाला किंवा खाण्याला दिला जातो.

वाळलेल्या गवताचे कण हवेतूनही येतात. म्हणून पापण्या, चेहरा, मान, गळ्याखालचा उघडा भाग आणि कोपराची व गुडघ्यामागची घडी येथे खाज, लाली व खरबरीतपणा दिसतो. आरंभी त्रास पावसाळ्यापुरता असतो. संपर्क चालू राहिला तर तो बारमाही होतो, त्वचा जाड व काळवंडलेली होते आणि काहींना ऊनही सोसत नाही. शेतमजुरासाठी हा प्रश्न रोजगाराचा आहे. ज्याला ऊन आणि बांध दोन्ही वर्ज्य झाले, त्याने मजुरी कोठे करावी?

मोहिमेतील उघडे हात

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागरूकता सप्ताह पाळला जातो. उपक्रम उपयुक्त आहे. परंतु शाळकरी मुले व ग्रामस्थ उघड्या हातांनी फुलांवर आलेले गवत उपटत असतील, तर आपणच नव्या व्यक्तींना ॲलर्जीच्या वाटेवर आणतो. म्हणून मोहिमेत पुढील दक्षता अनिवार्य मानावी :

• गवत फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. वरून कापल्यास पुन्हा फुटवे येतात.
• लांब रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व नाका-तोंडावर मुखपट्टी वापरावी. सुती मोज्यांतून रस झिरपतो.
• काम संपताच साबणाने हात-तोंड धुवावे आणि कपडे वेगळे धुवावेत.
• ज्यांना आधी पुरळ उठले आहे त्यांना या कामावर घेऊ नये.
• उपटलेले गवत वाळवून जाळू नये. फुले येण्यापूर्वीचे गवत खड्ड्यात कुजवून कंपोस्ट करावे.

कीटकाची मदत

कीटकशास्त्राने या लढ्यात दिलेला मोठा सहकारी म्हणजे मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा बायकोलोराटा. तो १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळुरूला आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये निसर्गात सोडण्यात आला. मळकट पांढऱ्या पंखांवर गडद उभ्या रेषा, ही त्याची ओळख. भुंगेरे व अळ्या दोन्ही पाने खातात. कोवळे शेंडे कुरतडल्याने फुलोरा घटतो. सूर्यफुलावर तो आढळल्याने एकेकाळी वाद उठला होता. मात्र तो सूर्यफुलाची स्थायी कीड ठरला नाही.

पावसाला सुरुवात झाल्यावर भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये जेथे ते विपुल असतील तेथून गोळा करून, नांगरट व फवारणी होणार नाही अशा दाट पट्ट्यात एकत्र सोडावेत. त्यांची कोषावस्था मातीत असते, म्हणून ती जागा हलवू नये. गोळा करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत, कारण भुंगेऱ्याने खाल्लेल्या झाडातही पार्थेनिन असतेच. पडीक जागेत पावसापूर्वी टाकळ्याचे बी फेकल्यास तो गाजर गवताची जागा व्यापतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

पुरळाची तक्रार घेऊन येणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : त्रास कोणत्या महिन्यांत वाढतो? शरीराच्या उघड्या भागावर अधिक आहे का? गाव सोडून काही दिवस राहिल्यास कमी होतो का? उत्तरे होकाराकडे झुकली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. पट्टी चाचणीने निदान पक्के होते. स्टेरॉइडच्या गोळ्या वा इंजेक्शने परस्पर घेऊ देऊ नयेत. तात्पुरत्या आरामाने रुग्ण पुन्हा त्याच बांधावर जातो आणि आजार मुरतो. अशा रुग्णांना शेवंती, सूर्यफूल यांसारख्या त्याच कुळातील वनस्पतींचाही त्रास होऊ शकतो, हे सांगावे.

आणि रुग्णाच्या घराभोवतीची जागा इतरांनी, हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वी साफ करून द्यावी. हे काम औषधाच्या चिठ्ठीइतकेच उपचाराचा भाग आहे.